आर्थिक वर्ष : लेखाशास्त्रीय अर्थ आणि उपयोग (मीरा-भाईंदर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मार्च महिना उजाडला की बँक, महानगरपालिका, गृहनिर्माण संस्था, महाविद्यालयाचे कार्यालय आणि बाजारपेठेतील दुकान या सर्वांच्या तोंडी एकच शब्द असतो, तो म्हणजे ‘मार्च एंड’. ३१ मार्च रोजी हिशेब बंद करायचे आणि १ एप्रिलला नवी खाती उघडायची, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तीमागे एक संकल्पना आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘लेखाकाल संकल्पना’ दोन ओळींत शिकविली जाते व शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. वस्तुतः अंतिम लेख्यांतील जवळजवळ प्रत्येक समायोजन या एका संकल्पनेतून निघते.

प्रस्तुत लेखात आर्थिक वर्षाचा अर्थ, त्याच्या तारखांचा इतिहास आणि व्यवहारातील उपयोग यांचे विवेचन केले आहे. उदाहरणांसाठी मीरा-भाईंदर हा परिसर निवडला आहे. खाडीकाठची मिठागरे, उत्तनचा मासेमारीचा किनारा, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि अलीकडच्या दशकांत उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण सहकारी संस्था असे निरनिराळ्या लयीचे व्यवहार येथे एकाच शहरात नांदतात. त्या प्रत्येकाचे स्वाभाविक वर्ष वेगळे आहे. कायद्याचे वर्ष मात्र एकच. या दोहोंतील अंतर हिशेबात प्रामाणिकपणे भरून काढणे, हेच वर्षअखेरच्या लेखांकनाचे खरे काम होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लेखाकाल ही संकल्पना

एखाद्या व्यवसायाचा नफा निश्चितपणे सांगता येईल असा क्षण एकच असतो. व्यवसाय बंद झाला, सर्व मालमत्ता विकली गेली, सर्व देणी फिटली आणि शेवटी मालकाच्या हाती किती रक्कम उरली हे मोजले की नफा कळतो. परंतु तोपर्यंत कोणी थांबू शकत नाही. भागीदाराला आपला हिस्सा हवा असतो, शासनाला कर हवा असतो, बँकेला कर्जाची सुरक्षितता पाहायची असते. म्हणून अखंड चालणाऱ्या व्यवहारावर कालमर्यादेची रेषा ओढून ‘एवढ्या काळात काय घडले’ हे सांगावे लागते. व्यवसाय पुढे चालूच राहणार आहे, हे गृहीत धरणारी चालू व्यवहार संकल्पना आणि तरीही त्याचा एक तुकडा वेगळा काढणारी लेखाकाल संकल्पना, या दोन्ही एकमेकींना ताण देत उभ्या असतात.

हा तुकडा बारा महिन्यांचाच का असावा? याचे उत्तर ऋतुचक्रात आहे. बारा महिन्यांत प्रत्येक ऋतू एकदाच येतो; त्यामुळे एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करताना पावसाळा पावसाळ्यासमोर आणि दिवाळी दिवाळीसमोर येते. सहा महिन्यांच्या हिशेबात हे साधत नाही. म्हणजेच वर्षाची लांबी निसर्गाने सुचविलेली आहे. त्याचा आरंभ कोणत्या तारखेला व्हावा, हे मात्र माणसाने ठरविले आहे.

रेषा ओढली की ती काही व्यवहारांच्या मधूनच जाते. पैसे यंदा दिले पण लाभ पुढच्या वर्षी मिळणार, असा पूर्वदत्त खर्च. लाभ यंदा घेतला पण पैसे पुढच्या वर्षी द्यावयाचे, असा अदत्त खर्च. मिळविलेले पण हाती न आलेले उपार्जित उत्पन्न. आगाऊ आलेले पण अद्याप न कमावलेले उत्पन्न. आखीर शिल्लक माल. आणि अनेक वर्षे चालणाऱ्या यंत्राचा त्या वर्षापुरता वाटा म्हणजे घसारा. लेखाकाल नसता तर यांपैकी एकाही समायोजनाची गरज पडली नसती. विद्यार्थी ही समायोजने सुटी सुटी पाठ करतात आणि तेरीजपत्रकाखाली दिलेली सूचना पाहून गोंधळतात. ती सारी एकाच छेदामुळे निर्माण झालेली आहेत असे आरंभीच सांगितले, तर पाठांतराचे ओझे बरेच हलके होईल.

एप्रिल-मार्च या वर्षाची घडण

महाराष्ट्रात हिशेबाचे वर्ष एकच कधीच नव्हते. मराठेशाहीच्या दप्तरांत शुहूर सन वापरला जाई. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की तो बदलत असल्याने त्यास ‘मृगसाल’ असेही म्हणत. पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होणारे हे वर्ष शेतीच्या व म्हणून महसुलाच्या सोयीचे होते. त्या परंपरेची खूण आजही शिल्लक आहे. राज्याचे महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे चालते आणि १ ऑगस्ट हा महसूल दिन म्हणून पाळला जातो. व्यापाऱ्यांची रीत निराळी. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करून नव्या वहीचा आरंभ करण्याची प्रथा गुजराती व मारवाडी पेढ्यांत दृढ होती व मराठी व्यापाऱ्यांतही रुळलेली होती. भाईंदरच्या बाजारपेठेत आजही दिवाळीला वही पुजली जाते. तिचे हिशेबी महत्त्व मात्र राहिलेले नाही.

१ एप्रिल ही तारीख ब्रिटिश राजवटीने आणली. १८६० साली जेम्स विल्सन यांनी भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला, त्या काळात सरकारी वर्ष १ मे ते ३० एप्रिल असे होते. इंग्लंडमधील सरकारी हिशेबांशी मेळ बसावा म्हणून १८६७ पासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च असे करण्यात आले. या बदलासाठी १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे झाले. म्हणजे ही तारीख येथील पीकपाण्यावरून वा बाजाराच्या लयीवरून ठरलेली नाही. ती बदलावी, अशी सूचना वेळोवेळी झाली. एल. के. झा समितीने १९८५ मध्ये जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष सुचविले. ते स्वीकारले गेले नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक समिती नेमली गेली. तारीख तीच राहिली. बदलले ते एवढेच की, २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरीऐवजी १ फेब्रुवारीस मांडला जाऊ लागला.

सरकारचे वर्ष एप्रिल-मार्च असले, तरी व्यापाऱ्यालाही तेच बंधनकारक होते, असा समज करून घेऊ नये. १९६१ च्या आयकर अधिनियमात ‘पूर्ववर्ष’ निवडण्याची मुभा होती आणि अनेक पेढ्या दिवाळीचे वर्षच पाळीत. १९८७ च्या दुरुस्तीने ही मुभा संपली आणि १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांचे पूर्ववर्ष ३१ मार्चला संपणारे झाले. ज्याचे वर्ष १९८७ च्या दिवाळीला संपले होते, त्याला पुढचा हिशेब ३१ मार्च १९८९ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिन्यांचा करावा लागला. सतरा महिन्यांच्या उत्पन्नावर बारा महिन्यांचे दर कसे लावायचे, हा प्रश्न सोडविण्यासाठी अधिनियमाला एक स्वतंत्र अनुसूची जोडावी लागली. कंपन्यांच्या बाबतीत १९५६ च्या अधिनियमाने वर्षाची अखेर कंपनीवर सोपविली होती. २०१३ च्या अधिनियमाने ती ३१ मार्च अशी निश्चित केली. परदेशी कंपनीशी लेखे एकत्र करावे लागतात अशा कंपन्यांनाच परवानगीने वेगळे वर्ष ठेवता येते.

येथे संज्ञांचा एक घोळ दूर करणे इष्ट होय. लेखावर्ष म्हणजे ज्या काळाचे हिशेब केले तो काळ. पूर्ववर्ष म्हणजे ज्या काळात उत्पन्न मिळाले तो काळ आणि करनिर्धारण वर्ष म्हणजे त्यावर कर आकारला जाणारा लगतचा काळ. या शेवटच्या जोडीने पिढ्यान्‌पिढ्या करदात्यांना गोंधळात टाकले. २०२५ च्या आयकर अधिनियमाने ही जोडी काढून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली असून, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे.

तारीख बदलली की तुलना कशी बिघडते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण रिझर्व्ह बँकेचे आहे. बँकेचे लेखावर्ष १९४० पासून जुलै ते जून असे होते. ते एप्रिल-मार्चशी जुळविताना २०२०-२१ हे वर्ष जुलै २०२० ते मार्च २०२१ असे नऊच महिन्यांचे झाले. त्या नऊ महिन्यांसाठी बँकेने केंद्र सरकारला ९९,१२२ कोटी रुपये अधिशेष दिला. आधीच्या पूर्ण वर्षासाठी ही रक्कम ५७,१२८ कोटी होती. वर्तमानपत्रांतील तक्त्यात हे दोन आकडे शेजारी छापले जातात. वाचकाने मात्र एक आकडा नऊ महिन्यांचा व दुसरा बारा महिन्यांचा आहे, हे जाणून मगच त्यांकडे पाहावे.

मीठ, मासळी आणि ३१ मार्च

भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरांचा व्यवसाय जुना आहे. आज त्याचे क्षेत्र बरेच आकसले आहे. त्याचे वर्ष समजून घेण्यासारखे आहे. पावसाळा संपला की बांधबंदिस्ती होते, गाळ काढला जातो, वाफे चोपून तयार केले जातात. मग भरतीचे पाणी आत घेऊन ते टप्प्याटप्प्याने आटवितात. मीठ धरू लागते ते हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि उन्हाचा ताव वाढतो तसे उत्पादनही वाढते. मृगाचा पाऊस आला की काम संपते. म्हणजे मिठागराचे स्वाभाविक वर्ष पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचे, आणि ३१ मार्च ही तारीख ऐन हंगामाच्या मध्यावर येते.

याचा परिणाम एका मानीव उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका आगराच्या बांधबंदिस्तीवर व वाफ्यांच्या तयारीवर डिसेंबरपर्यंत ६,००,००० रुपये खर्च झाला. संपूर्ण हंगामात ३,००० टन मीठ अपेक्षित आहे. पैकी ३१ मार्चपर्यंत १,२०० टन निघाले. सर्व खर्च चालू वर्षाच्या नावे टाकला, तर यंदा मोठा तोटा आणि पुढच्या वर्षी मोठा नफा दिसेल. प्रत्यक्षात आगर जसे होते तसेच आहे. जुळवणीच्या तत्त्वानुसार निघालेल्या मिठाच्या प्रमाणात, म्हणजे २,४०,००० रुपये, यंदाच्या उत्पादनाचा खर्च धरावा आणि ३,६०,००० रुपये पुढे ओढावेत. शिवाय काढलेले पण न विकलेले मीठ राशींच्या रूपाने आगरावर पडलेले असते. त्याचे मूल्य परिव्यय किंवा निव्वळ वसूल होऊ शकणारी किंमत यांपैकी जी कमी असेल तिने करावयाचे असते. ३,००० टन हा आकडा अर्थातच अंदाजाचा आहे. पाऊस लवकर आला तर तो खोटा ठरेल. तरीही अंदाज न करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सारा खर्च यंदाच टाकणे हाही एक अंदाजच आहे, आणि तो निश्चित चुकीचा आहे.

आता समजा, १० एप्रिलला अवकाळी पाऊस होऊन राशींतील काही मीठ विरघळले. ताळेबंद अद्याप मंजूर झालेला नाही. हा तोटा कोणत्या वर्षाचा? ३१ मार्च रोजी ते मीठ सुस्थितीत होते. म्हणून तोटा नव्या वर्षाचा, आणि मोठा असेल तर त्याचा उल्लेख अहवालात करावयाचा. याउलट, ज्या व्यापाऱ्याकडे मार्चमध्ये येणे होते त्याचे दिवाळे एप्रिलमध्ये जाहीर झाले, तर त्याची अवस्था ३१ मार्चलाच खालावलेली होती असे मानून यंदाच्याच हिशेबात तरतूद करावी लागते. दोन्ही घटना एप्रिलमधल्या, पण वर्षे दोन. घटना केव्हा कळली हे गौण. वर्षअखेरीस परिस्थिती काय होती, हा प्रश्न मुख्य.

उत्तन, चौक, पाली येथील मासेमारीत रेषा वेगळ्या जागी पडते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हंगाम ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत. त्यामुळे एका आर्थिक वर्षात आधीच्या हंगामाचे शेवटचे दोन महिने आणि नव्या हंगामाचे पहिले आठ महिने येतात. एखादा हंगाम वाईट गेला, तर त्याची झळ दोन ताळेबंदांत विभागली जाते आणि कोणत्याही एका ताळेबंदात ती पुरती दिसत नाही. नौकेचा मालक मात्र खलाशी, डिझेल, बर्फ आणि जाळी यांचा हिशेब हंगामाचाच करतो, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्याचे बरोबरही आहे. बँकेपुढे एप्रिल-मार्चचा आणि स्वतःसाठी हंगामाचा, असे दोन हिशेब ठेवण्यात लबाडी नाही. दोहोंत मेळ दाखविणारे पत्रक असले म्हणजे झाले. भांड्यांच्या कारखान्यांना ही अडचण फारशी नाही. तेथे काम बारमाही चालते व प्रश्न उरतो तो फक्त अर्धवट तयार मालाच्या मोजदादीचा.

गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद

मीरा रोड व भाईंदर येथे राहणाऱ्या प्राध्यापकाचा आर्थिक वर्षाशी सर्वांत जवळचा संबंध त्याच्या सोसायटीमुळे येतो. ‘तुम्ही कॉमर्सचे, तुम्हीच खजिनदार व्हा’ हा आग्रह कित्येकांच्या वाट्याला येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते व लेखे तीपुढे ठेवावे लागतात. सभेत विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न असा की, ‘बँकेत शिल्लक वाढली, मग तूट कशी?’

चाळीस सदनिकांची एक मानीव संस्था घेऊ. प्रत्येकी दरमहा २,५०० रुपये प्रमाणे वर्षाची आकारणी १२,००,००० रुपये होते. पैकी ११,१०,००० वसूल झाले. मागील वर्षाच्या थकबाकीपोटी ६०,००० आणि पुढील वर्षाचे आगाऊ २०,००० आले. एकूण जमा ११,९०,००० रुपये. वर्षभरात दिलेली रक्कम ११,७०,००० रुपये. रोख हिशेबाने २०,००० रुपये शिल्लक. आता दिलेल्या रकमेत काय आहे ते पाहू. गेल्या मार्चची वीज व पाण्याची देयके ५२,००० रुपये या एप्रिलमध्ये भरली गेली, ती गतवर्षाची. उद्वाहनाच्या देखभालीचा वार्षिक करार १ ऑक्टोबरपासूनचा असून त्याचे ६०,००० रुपये एकरकमी दिले; त्यांतील ३०,००० पुढील वर्षाचे. हे दोन्ही वजा जाता १०,८८,००० उरतात. पण यंदाच्या मार्चची वीज, पाणी व टँकरची देयके ७३,००० रुपये अद्याप द्यावयाची आहेत, आणि मार्चमध्ये पूर्ण झालेल्या नळदुरुस्तीचे कंत्राटदाराचे ४५,००० रुपये मेमध्ये दिले जाणार आहेत. खरा खर्च १२,०६,००० रुपये. उत्पन्न १२,००,०००. तूट ६,००० रुपये.

रोख शिल्लक आणि उपार्जित तूट यांत खोटे कोणतेच नाही. पहिली पैशांची हालचाल सांगते, दुसरी वर्षाचा भार सांगते. मात्र पहिलीवर विसंबून मासिक वर्गणी कमी केली, तर पुढच्या वर्षीच्या सभासदांवर यंदाच्या सभासदांचा खर्च पडेल. मीरा रोडसारख्या ठिकाणी, जेथे सदनिका वारंवार हस्तांतरित होतात, तेथे ही बाब केवळ तात्त्विक राहत नाही: भार एकाचा आणि देणारा दुसराच, असे घडते. नळदुरुस्तीचे देयक कंत्राटदाराला ‘एप्रिलच्या तारखेचे द्या’ म्हणून सांगणारा खजिनदार नेमके हेच करीत असतो, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

नगरपालिका ते महानगरपालिका

१२ जून १९८५ रोजी मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. ही दुसरी तारीख लेखाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २००१-०२ या आर्थिक वर्षातील सुमारे अकरा महिने नगरपरिषदेचे आणि अखेरचे बत्तीस दिवस महानगरपालिकेचे. संस्था बदलली, वर्ष तेच राहिले. शहराच्या वित्तव्यवस्थेचा दीर्घकालीन अभ्यास करणाऱ्याने हा सांधा ध्यानात ठेवला पाहिजे.

महानगरपालिका अधिनियमानुसार मालमत्ता कर १ एप्रिल व १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो. वसुलीची धावपळ मात्र मार्चमध्ये दिसते. येथे मागणी आणि वसुली यांतील भेद महत्त्वाचा. मार्चमध्ये वसूल झालेल्या रकमेत जुनी थकबाकी किती, हे वेगळे काढल्याशिवाय ‘यंदा विक्रमी उत्पन्न’ या विधानाला लेखाशास्त्रीय अर्थ नाही. घरखरेदीवरही या तारखेची छाया आहे. मुद्रांक शुल्कासाठीचे बाजारमूल्य दर पूर्वी १ जानेवारीस बदलत; २०१६ पासून त्यासाठी १ एप्रिल ही तारीख ठरली, आणि मार्चअखेरीस दस्तनोंदणी उरकण्याचे एक कारण वाढले.

महाविद्यालयाची दोन वर्षे

महाविद्यालयाचे शैक्षणिक वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते आणि ३१ मार्चला ते संपलेले नसते. परीक्षा, निकाल, उन्हाळ्यातील कामे शिल्लक असतात. जूनमध्ये संपूर्ण वर्षाचे शुल्क घेतले जाते. काटेकोरपणे पाहता, एप्रिल-मे मध्ये द्यावयाच्या सेवेचा वाटा मार्चअखेरीस आगाऊ आलेले उत्पन्न म्हणून दाखवावयास हवा. विनाअनुदानित अभ्यासक्रम नव्याने सुरू होतो किंवा प्रवेश झपाट्याने वाढतात, तेव्हा हा वाटा न काढल्यास पहिल्या वर्षी फसवी सुबत्ता दिसते.

अनुदानाचा प्रश्न याहून बोचरा आहे. न खर्चिलेला सरकारी निधी वर्षअखेरीस व्यपगत होतो, या नियमामुळे मार्चमध्ये उपकरणे, पुस्तके व चर्चासत्रे यांची गर्दी उसळते. शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग होय, असे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे आणि चौथ्या तिमाहीत ३३ टक्के, तर मार्चमध्ये १५ टक्के अशी मर्यादा केंद्रीय खात्यांना घालून दिली आहे. पण निधीच फेब्रुवारीत हाती आला, तर महाविद्यालयाने ही मर्यादा पाळावी कशी? या घाईचा दोष प्राचार्यांच्या माथी मारून भागणार नाही. काही संस्था ३१ मार्चपूर्वी देयक घेऊन वस्तू एप्रिल-मे मध्ये स्वीकारतात. लेखापरीक्षणात साठा नोंदवहीतील तारीख आणि देयकाची तारीख यांतील फरकच प्रथम पकडला जातो.

शेवटी प्राध्यापकांच्या स्वतःच्या खिशाचा विषय. सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी राज्यातील महाविद्यालयीन अध्यापकांना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तत्संबंधीचा शासन निर्णय मार्च २०१९ मधील आहे. मधल्या काळाची थकबाकी ज्या वर्षी हाती पडते, त्या एकाच वर्षाच्या उत्पन्नात ती मोजली गेली तर करदर वरच्या टप्प्यात जातो. वेतनावरील कर ‘देय किंवा प्राप्त, जे आधी घडेल ते’ या तत्त्वाने आकारला जातो. पूर्वीच्या वर्षांत ही रक्कम देयच झालेली नव्हती, म्हणून ती प्राप्तीच्या वर्षाचीच. १९६१ च्या अधिनियमातील कलम ८९ ने या अन्यायावर उतारा दिला. थकबाकी ज्या ज्या वर्षांशी संबंधित, त्या त्या वर्षाच्या उत्पन्नात ती मिळवून कर पुन्हा मोजायचा आणि जादा बसलेला भार वजा करायचा. त्यासाठी नमुना १०-ई विवरणपत्रापूर्वी ऑनलाइन दाखल करणे आवश्यक ठरविलेले आहे. सवलत मागितली पण नमुना भरला नाही, तर ती नाकारली जाते. तेव्हा थकबाकी स्वीकारताना तिची वर्षवार फोड कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावी. तिच्यावाचून ही आकडेमोड करता येत नाही.